५२६ की ५६२?

जुलैमधली संध्याकाळ, बाहेर मुसळधार पाऊस, ढगांना वळसे घालत येणारी विमानांची रांग आणि अप्रोचच्या, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांशी बोलायच्या, फ्रीक्वेन्सीवर कंट्रोलर म्हणून मी. त्या रांगेत एकाच कंपनीची दोन विमानं होती, ५२६ आणि ५६२. आकडे मी बदलून लिहिते आहे, साधर्म्य मात्र असंच होतं. दोन्ही विमानं माझ्याकडे आली तेव्हाच दोघांना सांगितलं होतं की मिळताजुळता कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) आहे, सावध राहा. दोघांनीही ‘रॉजर’ म्हटलं.

५२६ सर्वांत पुढे, ४,००० फुटांवर. मागे ५,००० वर एक एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान. ५६२ आणखी वर, ७,००० वर, आणि वळत होतं एटीआरच्याच दिशेला. मी ५२६ ला ३,००० पर्यंत उतरायला सांगितलं. उत्तरादाखल हेडसेटमध्ये कर्कश चीत्कार झाला आणि शेवटचे दोनच शब्द स्पष्ट आले, ‘थ्री थाउजंड’.

दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की असा चीत्कार होतो. बोलणाऱ्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो, कारण स्वतः बोलत असताना रेडिओवर दुसऱ्याचं ऐकू येत नाही. तो ऐकतो आम्ही, खाली बसलेले. शिवाय ५२६ वरून आतापर्यंत एक तरुण मुलगी बोलत होती आणि हे दोन शब्द पुरुषाच्या आवाजात होते. म्हणजे माझी सूचना ५६२ ने स्वतःची समजून घेतली होती.

‘५६२, स्टॉप डिसेंट ॲट सिक्स थाउजंड.’ कॉलसाइन एकेक आकडा सुटा करून पुन्हा म्हटला. स्क्रीनवर त्याच्या लेबलवर ६,७०० आलं होतं, आणि रडारवरचा आकडा काही सेकंद शिळा असतो. विमान ६,००० वर स्थिरावलं. एटीआरच्या वर हजार फूट, नियमाला लागतात तेवढेच. मग ५२६ कडून ३,००० चं रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, वेगळं मागून घेतलं.

प्रशिक्षणात आम्हाला क्वालालंपूरची दुर्घटना शिकवतात. १९ फेब्रुवारी १९८९, फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७. कंट्रोलरने २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, ‘टू फोर झिरो झिरो’. वैमानिकांनी त्यातला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ असा घेतला आणि उत्तर दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो’. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले. मला त्यातलं सर्वांत जास्त लागतं ते हे, की चुकीचा आकडा रेडिओवर मोठ्याने बोलला गेला होता आणि तो कुणीच अडवला नाही. रीडबॅक घेताना माझं लक्ष पुढच्या विमानाकडे असेल, तर त्या रीडबॅकला काडीचीही किंमत नाही.

उतरल्यावर ५६२ च्या कॅप्टनने फोन केला. ‘मॅडम, खाली यायच्या परवानगीचीच वाट बघत होतो. आम्हा दोघांनाही आमचाच नंबर ऐकू आला.’ मला ते पटलं. माणूस ज्याची वाट बघत असतो तेच त्याला ऐकू येतं, त्यातून पाऊस आणि खडखडणारा रेडिओ. ‘वैमानिकाचं दुर्लक्ष’ असा शेरा मारून असं प्रकरण मिटवायला माझा ठाम विरोध आहे. एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचणाऱ्या विमानांना असे उलटसुलट आकडे मुळात द्यायचेच कशाला? आकड्यांसोबत अक्षरं असलेले कॉलसाइन वापरता येतात, अनेक कंपन्या वापरतातही.

अहवालात मी तेच लिहिलं. पुढच्या वेळापत्रकात ५६२ च्या कॉलसाइनमध्ये दोन अक्षरं आली. त्याच कंपनीच्या सकाळच्या दोन विमानांचे आकडे अजून तसेच आहेत. त्यांच्याबद्दल दुसरा अहवाल पाठवला आहे.