बाटलीतलं पाणी नितळ होतं

धरण मातीचं, खासगी, उंची 7 मीटर. 11 वर्षांपूर्वी त्याच्या फॉर्मवर मीच लिहिलं होतं: 'कमी धोका'. खालच्या बाजूच्या रकान्यात: 'शेती, वस्ती नाही'. तेव्हा ते खरंही होतं.

तपासणी म्हणजे मुख्यतः चालणं. एकदा माथ्यावरून, एकदा उतारावर तिरपं, एकदा पायथ्यालगत. माथ्यावरूनच फोटो काढून परतणारे सहकारी मला माहीत आहेत. लांबून सगळं गवत हिरवंच दिसतं, ओल कळते ती बूट रुतल्यावर.

या वेळी डाव्या बाजूला बूट रुतला. करंगळीएवढी धार. पाझर म्हटलं की लोक घाबरतात, पण मातीचं धरण थोडंफार पाझरणारच. बघायचं ते हे, की पाणी येताना सोबत काय आणतंय. काचेची बाटली भरली, उन्हात धरून पाहिली, मग अर्धा तास बॉनेटवर ठेवली. तळाला कणही बसला नाही. पाणी गढूळ असतं तर आतली माती वाहून चालली आहे असं समजून त्याच दिवशी पातळी उतरवायला लावली असती. 1976 साली अमेरिकेतलं टेटन धरण असंच आतून पोखरलं. सकाळी गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

सांडवा पाहून मात्र डोकं फिरलं. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मालकांनी बारीक जाळी ताणलेली, वर पाणी वीतभर जास्त साठावं म्हणून फळी ठोकलेली. पुरात जाळीला पालापाचोळा चिकटला की सांडवा तुंबणार आणि पाणी माथ्यावरून उलटणार. मातीला ते फार वेळ सोसत नाही.

"काढतो की," मालक म्हणाले. मी उभं राहून काढायला लावली.

मग ओढ्याच्या कडेनं खाली उतरलो. दुसऱ्या वळणापलीकडे घरं. 14 मोजली. एका अंगणात दोरीवर लहान मुलांचे कपडे. तिथल्या बाईंना विचारलं, पावसात ओढा किती चढतो?

"इथवर कधी नाही आला."

वर धरण आहे, माहीत आहे ना?

"तो तलाव होय? संध्याकाळी फिरायला जातो की आम्ही तिकडे."

खाली घरं आली, म्हणजे धरण आता 'जास्त धोका' वर्गात. या वर्गाचा धरणाच्या तब्येतीशी संबंध नसतो, हे मालकांना तीनदा सांगावं लागलं. फुटलं तर खाली कोण सापडेल, यावर तो ठरतो. एक जरी जीव जाण्यासारखा असेल तर वरचा वर्ग. ठणठणीत धरणही 'जास्त धोका'त जातं आणि खाली माळरान असेल तर मोडकळीला आलेलंही 'कमी'त राहतं. एवढंसं धरण काय करणार, असं ऐकलं की मला अमेरिकेतलंच केली बार्न्स आठवतं. तेही लहान, मातीचं, खासगी. नोव्हेंबर 1977 मध्ये मध्यरात्रीनंतर फुटलं, 39 माणसं गेली.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे धरण तेच. घरं बांधली दुसऱ्यांनी, परवानगी दिली तिसऱ्यांनी, आणि सांडवा मी रुंद करायचा? रात्री-अपरात्री या लोकांना उठवायचा आराखडाही मीच करायचा?"

हो, तुम्हीच. नियम तसाच आहे. तो न्याय्य आहे, असं मात्र मला म्हणवेना. प्लॉटचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी ओढ्याच्या वर काय आहे ते बघायला हवं होतं, पण त्यांचा नकाशा धरणाच्या अलीकडेच संपतो.

हे सगळं मी तावातावानं बोललो. गाडीत बसल्यावर फाइल चाळली. 11 वर्षांत मधे दोन तपासण्या झालेल्या. दोन्हींत खालच्या बाजूच्या रकान्यात एकच शब्द: 'मागीलप्रमाणे'. पहिलीवर सहकाऱ्याची सही. दुसरीवर, 3 वर्षांपूर्वीच्या, माझी.

गाडी वळवून पुन्हा त्या घरांपाशी गेलो. कुंपणाच्या भिंतींवर शेवाळ धरलेलं, रंगाचे पोपडे सुटलेले. पाच-सहा पावसाळे तरी खाल्ले असतील त्या भिंतींनी.