ते दुखणं अ‍ॅसिडिटीचं नव्हतं

आम्ही ऐरोलीत राहतो. लेक बारावीत असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. केस जाणं, तोंड येणं, ताप, या सगळ्याची मनाची तयारी होती. स्वादुपिंडाची नव्हती.

तिच्या केमोत पेग-अ‍ॅस्परॅजिनेजचं इंजेक्शन होतं. ल्युकेमियाच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन (प्रथिनं बनवायला लागणारा एक घटक) पुरेसं बनवता येत नाही, त्या ते रक्तातून घेतात. हे औषध रक्तातलं तेच संपवतं. मोलाचं औषध आहे, पण थोड्या रुग्णांत त्याने स्वादुपिंडाला सूज येते. शिवाय त्याचा परिणाम दोन-तीन आठवडे टिकतो, म्हणून त्रास कधी कधी बऱ्याच उशिरा सुरू होतो.

तिचं तसंच झालं. रात्री वरच्या पोटात कळ आली. "आई, पाठीतून आरपार जातंय गं," म्हणत ती पुढे वाकून बसली, आडवं होता येईना. उलट्या थांबेनात. जवळच्या दवाखान्यात स्टिरॉइडमुळे अ‍ॅसिडिटी वाढली असेल म्हणाले. स्टिरॉइड चालू होतंच, पटण्यासारखं होतं. पण त्यांनी दिलेल्या इंजेक्शननंतरही दुखणं तसंच, तेव्हा केमोची फाइल उचलली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडे.

तिथे पहिलाच प्रश्न आला, "अ‍ॅस्परॅजिनेज कधी दिलंय?" हे औषध चालू असलेल्या घरात कुणाच्या पोटात असं दुखलं, तर समोर कोणताही डॉक्टर असो, इंजेक्शनचं नाव आणि तारीख आधी सांगा आणि रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य, तिथे सूज आली की रक्तात वाढतं) तपासायला लावा. तिचं लायपेज नॉर्मलच्या तिपटीहून खूप वर होतं. सोनोग्राफीत गॅसमुळे काही नीट दिसलं नाही, सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली.

मग सलाइन, दुखण्यावर जोरदार औषधं, आणि तोंडाने काहीच नाही. साखर वाढली, इन्सुलिन लागलं. घोटभर पाण्यासाठी ती विनवायची. मला ते दिवस कॅन्सर कळला त्या दिवसापेक्षा जड गेले. दुखणं ओसरल्यावर आधी पेज, मग बिनतुपाचा वरण-भात.

सूज सौम्य असली तर अ‍ॅस्परॅजिनेज जपून पुन्हा देता येतं. तिची तीव्र होती, त्यामुळे ते कायमचं बंद झालं. "मग कॅन्सर उलटला तर?" मी विचारलं. डॉक्टरांनी उरलेल्या औषधांचं वेळापत्रक माझ्यापुढे ठेवून एकेक औषध कशासाठी आहे ते समजावलं, घाई केली नाही. सूज उतरल्यावर केमो त्याच औषधांवर पुन्हा सुरू झाली.