तिसऱ्या बोटावरची चंद्रकोर

रविवारी दुपारी, ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या गच्चीवर, सात वर्षांच्या धाकटीनं टिन व्हिसलीची (शिट्टीसारखी फुंकायची सहा भोकांची छोटी नळी) सहाही भोकं झाकून मंद्र प, म्हणजे खालच्या सप्तकातला प, काढला. चांगला चार मात्रा टिकला, मी बोटांवर मोजल्या. किंचाळी नाही की कापरा नाही. पाच आठवडे आम्ही सगळे या एका सुरामागे होतो, म्हणून आजची नोंद त्याचीच. नव्या गाण्यांचं पुढच्या वेळी.

आपला हिशोब तोच आहे: डी व्हिसल (सगळी भोकं झाकली की डी सूर देणारी), तीन बोटांवर सा, म्हणजे पेटीची पांढरी पाच. काही जण मुलांना सहा बोटांवरच सा द्या म्हणतात, मला ते पटत नाही. वरच्या तीन बोटांत ग, रे, सा मिळतात आणि पहिल्याच दिवशी पोर काहीतरी वाजवून घरी जातं. बासरीवर नुसता आवाज निघायला कित्येक दिवस जातात, इथे पहिल्या फुंकरीला निघतो. त्या वेळी त्यांचे डोळे कसे होतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय ज्या गावात 1918 पासून माधव संगीत महाविद्यालय आहे, तिथल्या मुलांना सरगम नव्यानं शिकवावी लागत नाही. पलटे, म्हणजे सरगमचे उलटसुलट सराव, घरात ऐकूनच येतात.

तर माझ्याकडे शिकणाऱ्या चौघाही मुलांची तीन बोटांची गाणी बसली होती. उजवा हात खाली आला की मात्र सगळं बिघडायचं. नी कसाबसा, ध अर्धामुर्धा आणि प ला थेट किंकाळी.

आधी संशय थंडीवर. ग्वाल्हेरची जानेवारी तुम्हाला सांगायला नको. श्वासाची वाफ फुंकणीच्या फटीत गेली की तिथेच पाणी धरतं आणि सूर घुसमटतो. म्हणून व्हिसली स्वेटरच्या आत धरून गरम करायला लावल्या. पाणी धरलंच तर व्हिसलीच्या खिडकीवर (फुंकणीखालचं चौकोनी भोक) बोट अलगद ठेवून एक जोराची फुंकर, खिडकीच्या धारेला नख न लावता. सा-रे-ग लख्ख झाले, गार व्हिसल उतरलेली बोलते तेही थांबलं. प जैसे थे.

मग संशय फुंकरीवर. तीन आठवडे मी "हळू, अगं हळू" एवढंच म्हणत होते. मुलं इतकी हळू फुंकायला लागली की सा सुद्धा मरगळला.

शेवटी टेप आठवली. रंगारी घराच्या खिडकीच्या कडेला लावतात ती कागदी टेप, तिचा डिंक मागे राहत नाही. प्रत्येकाच्या व्हिसलीची सहाही भोकं टेपनं बंद केली आणि म्हटलं, आता नुसतं फुंका. तिघांचा प पहिल्या झटक्यात! म्हणजे फुंकर ठीक होती. मी उगीच तिला दोष देत होते, मुलांना तसं सांगितलं आणि माफीही मागितली.

चौथी व्हिसल टेप लावूनही किंचाळली. ही मी ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. उन्हाकडे धरून फटीतून पाहिलं तर आत प्लास्टिकचा केसाएवढा तंतू. पोस्टकार्डाची पट्टी सरकवून ओढला, निघाला, आणि तीही गायला लागली. नवी व्हिसल मुलाच्या हातात देण्याआधी फटीतून एकदा उजेड बघाच. फुंकणीत काही अडकलेलं असलं तर ते पोर स्वतःलाच बेसूर समजतं, ते मला फार लागतं.

मग वरून एकेक टेप काढून तिथे बोट ठेवायचं. पहिलं भोक, प ठीक. दुसरं, ठीक. तिसऱ्याला धाकटीची किंकाळी. मी इतके दिवस उजव्या हाताकडे बघत होते आणि चूक डाव्या अनामिकेची होती! धाकटीला म्हटलं, बोटं दाब आणि मला दाखव. पहिल्या दोन बोटांवर भोकाचा पूर्ण गोल उमटला होता. तिसऱ्यावर चंद्रकोर.

उरलेल्या अर्ध्यातून हवा जात होती. मध्य सप्तकातला प काढताना आपण पहिलं भोक मुद्दाम उघडतो ना, नळीला वरच्या सप्तकात ढकलायला? नको तिथे ही फट तेच करत होती. आणि उजवा हात खाली आला की व्हिसल किंचित फिरायची, त्यामुळे चंद्रकोर आणखी बारीक.

जोरात दाबणं हा उपाय नाही, त्यानं बोटं ताठरतात. तिचा डावा अंगठा पहिल्या भोकाच्याही वर चढला होता, तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, खालून आणला. कोपर अंगापासून जरा लांब. बोटाचं टोक नाही, पेराचा मऊ भाग. उजवी करंगळी नळीवर नुसती टेकलेली. "गोल आला का?" हा आता आमच्याकडे खेळच झालाय. दर पाच मिनिटांनी चार हात माझ्यापुढे येतात.

आता पुढचं. भूप रागाची सरगम घ्यायची आहे, पण ग वरून वरच्या प ला जाताना एका बोटावरून एकदम सगळी बोटं आणि फुंकरही बदलते. तिथे मोठीसुद्धा अडखळते. म्हणून आधी खाली: सा, ध, प. मंद्र प हाताशी आला म्हणूनच हे सुचतंय.

खरेदीचं म्हणाल तर लहान हातांसाठी एफ पट्टीतल्या (डी पेक्षा उंच आणि लहान) दोन व्हिसली मागवायच्या ठरवल्या होत्या, भोकं जवळजवळ असतात म्हणून. क्लार्क कंपनीची 1843 पासूनची पत्र्याची, फुंकणीत लाकडी गुल्ली (ठोकळा) असलेली व्हिसल मला स्वतःला जिवापाड आवडते, पण तिला श्वास जास्त लागतो, मुलांना नको. हे लिहिता लिहिताच खालच्या मजल्यावर मोठीची पेटी सुरू झाली, काळी चार. आणि डोक्यात आलं, ई-फ्लॅट व्हिसलीवर तीन बोटांचा सा म्हणजे काळी चारच की! जनरेशन कंपनीची त्या पट्टीत मिळते. भोकंही डी पेक्षा थोडी जवळ. एफ रद्द. दोन ई-फ्लॅट मागवते, म्हणजे बहिणीबहिणींना एकत्र वाजवता येईल. कोणी पेटीबरोबर वाजवून पाहिली असेल तर सांगा, विशेषतः शुद्ध म वर. तो पहिलं भोक अर्धं झाकून घ्यावा की पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं झाकून, माझं अजून ठरत नाहीये.