तुम्ही विचारलंत म्हणून: वकिली की शिकवणं?

तास संपला की कुणीतरी मागे रेंगाळतंच. "मॅडम, वकिली करायची की प्राध्यापकी? दोन्हींत ओढाताण नाही होत?" होते. वकिलाला रोज तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे, तेवढं मी शिकवते आणि मग कोर्टात पळते. पण दोन्ही का, याचं माझं उत्तर ब्रुसेल्समधलं आहे.

एलियान व्होगेल-पोल्स्की तिथल्या वकील आणि तिथल्याच विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक. युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या 1957 च्या रोम करारातलं कलम 119 म्हणत होतं, स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन. सरकारं मात्र ते पुढे ढकलत राहिली. 1966 मध्ये बेल्जियममधल्या एर्स्टालच्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या सुमारे तीन हजार बायका समान वेतनासाठी बारा आठवडे संपावर होत्या. एलियानबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लेख लिहिला: हे कलम घेऊन कामगाराला थेट कोर्टात जाता येतं, सरकारने वेगळा कायदा करण्याची वाट पाहायला नको.

लेखाने कुणाचा पगार वाढत नाही. अशील हवं होतं. मिळाली गॅब्रिएल दफ्रेन, साबेना या बेल्जियन विमान कंपनीची हवाई सुंदरी. चाळिशी गाठली म्हणून 1968 मध्ये तिची नोकरी गेली. तेच काम करणाऱ्या पुरुषांना ही अट नव्हती आणि पगारही जास्त होता. मारी-तेरेझ क्युवेलिये या सहकारी वकिलासोबत बाईंनी खटले लढवले. 1971 मध्ये पेन्शनचा मुद्दा हरल्या. 8 एप्रिल 1976 ला मात्र लक्झेंबर्गमधल्या युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने पगाराच्या फरकाबाबत त्यांचं म्हणणं उचलून धरलं: कलम 119 थेट लागू आहे. त्याच निकालात एक गाठही मारली. खर्चाच्या धास्तीने ब्रिटन आणि आयर्लंडने हरकत घेतली होती. त्यामुळे ज्या बायकांनी आधी दावा लावला नव्हता, त्यांची मागची थकबाकी बुडाली. तो परिच्छेद वर्गात वाचताना मला अजून राग येतो. 1978 मध्ये निवृत्तीच्या वयाचा मुद्दाही गेला.

मग मी मुलांना मुंबईत आणते. एअर इंडियाच्या नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारी अट रद्द केली. पण पुरुषांचा संवर्ग वेगळा, म्हणून निवृत्तीचं वय वेगळं असणं हा भेदभाव नाही, असंही म्हटलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की वर्ग तापतो. माझ्या अशिलांसाठी वापरलेले दोनतीन युक्तिवाद मला अशा भांडणांतच सुचले आहेत.

म्हणून रेंगाळणाऱ्याच्या हातात मी दफ्रेनचा 1976 चा निकाल देते आणि सांगते, तिची मागणी किती होती ते आधी शोधा. 12,716 बेल्जियन फ्रँक. मग विचारा, एवढ्यासाठी तुम्ही ही केस घेतली असती का? उत्तर घेऊन दुपारी कामगार न्यायालयात या, मी तिथेच असते.