झाडावरच्या घरात राहताना

जंगलातल्या आलिशान ट्रीहाउसच्या फोटोंत काचेची भिंत, बाथटब, पांढरीशुभ्र गादी असं सगळं दिसतं. घर झाडावर कशाच्या आधाराने उभं आहे, तेवढं दिसत नाही. मला मात्र तेच आधी कळायला हवं होतं. म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी फोन करून विचारलं : भार झाडांवर आहे की खालून खांब दिलेत? खोडाला तार किंवा दोर गुंडाळलाय का? झाडं कोण तपासतं? जोराचा वारा सुटला तर पाहुण्यांचं काय करता? व्यवस्थापकांनी एकही प्रश्न टाळला नाही. वृक्षतज्ज्ञ ठरल्या वेळी येऊन झाडं पाहून जातात आणि वादळाचा इशारा असेल तर पाहुण्यांना खाली जमिनीवरच्या खोल्यांत हलवतात, हे ऐकल्यावरच मी बुकिंग पक्कं केलं.

आई सोबत येणार होती आणि तिचे गुडघे दुखतात. "वर चढेन गं कशीबशी, पण उतरू कशी?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. उताराच्या जमिनीवर मोठी सोय असते. टेकडीच्या अंगाने सरळ पूल टाकला की शिडीशिवाय दारात पोहोचता येतं, आणि घर दुसऱ्या बाजूने तितकंच उंच राहतं. आम्ही तसंच घर मागून घेतलं.

पोहोचल्यावर आई खुर्चीत टेकली आणि मी पुलाच्या कठड्याशी वाकून घराखालची जोडणी पाहिली. खोडात एक भलाजाड पोलादी बोल्ट शिरलेला होता. त्याच्या कड्याभोवती साल फुगून वर आली होती आणि धातूची कड हळूहळू पोटात घेत होती. तिथे नवी साल फिकट, गुळगुळीत होती, आजूबाजूची जुनी भेगाळलेली.

झाडात बोल्ट मारणं निर्दयपणाचं वाटतं आणि दोर बांधणं सौम्य. प्रत्यक्षात उलट आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. खोड दरवर्षी जाड होतं, गुंडाळलेली तार मात्र सैल होत नाही, आणि ती वाट चहूबाजूंनी आवळली जाते. बोल्टची जखम एकाच जागी असते. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी दाखवून दिलं की झाड जखम आपल्या कातडीसारखी भरून काढत नाही, तर तिच्याभोवती आडोसे उभारून तिला निरोगी लाकडापासून तोडतं. म्हणूनच दाटीवाटीने मारलेल्या खिळ्यांपेक्षा मोजके, दणकट आणि एकमेकांपासून लांब बसवलेले बोल्ट बरे. झाड वाढलं तरी घर वर सरकत नाही, कारण उंची शेंड्याकडे वाढते. खोडातला बोल्ट आहे त्याच उंचीवर राहतो.

आमचं घर दोन झाडांवर होतं. दोन झाडं वाऱ्यात कधीच एका तालात डोलत नाहीत, त्यामुळे एका झाडाशी तुळई पक्की केलेली आणि दुसरीकडे सरकत्या आधारावर नुसती टेकवलेली होती. रात्री वारा सुटला तेव्हा त्या सरकत्या बाजूने कुरकुर ऐकू येऊ लागली. आई उठून बसली. "हलतंय का गं हे?"

"हलतंय, आई. आणि हलायलाच हवं." मी तिला ती सरकती जोडणी समजावून सांगितली. घट्ट आवळलं असतं तर तुळई तरी तडकली असती किंवा बोल्ट तरी उपसला असता. थोड्या वेळाने तिला झोप लागली. मी मात्र मुद्दाम जागी राहिले. वाऱ्याचा झोत आधी पानांत ऐकू यायचा, मग फांद्यांत, आणि त्यानंतर फळ्यांखालून पायाला कळायचा. इतक्या खर्चातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच.

संडास कोरडा, म्हणजे बिनपाण्याचा होता. लघवी वेगळी जाते, वर भुसा टाकायचा आणि छोटा पंखा हवा बाहेर ओढतो. वास अजिबात नव्हता.

सकाळी एक सुतार पक्षी शेजारच्या खोडावर आला, आमच्या खिडकीच्या खाली. एरवी मान वर करून त्याचं पोटच दिसतं. इथे त्याची पाठ दिसली, आणि टोचण्याआधी शेपटी खोडावर टेकवून तो कसा रेटा घेतो तेही. काचेवर बाहेरून एकमेकांजवळ ठिपके होते, पक्ष्यांना काच कळावी म्हणून. स्वीडनमध्ये हाराड्स इथल्या ट्रीहोटेलमध्ये २०१० साली उभारलेल्या आरशांच्या घनाकृती खोलीला याचसाठी पक्ष्यांना दिसेल असा अतिनील थर दिलेला आहे. एवढ्या उंचीवर काच लावणाऱ्या प्रत्येकाने ही काळजी घ्यायलाच हवी.

निघताना आईने व्यवस्थापकांना सांगितलं, "पूल किती रुंद, उंबरठा किती उंच आणि न्हाणीघरात धरायला दांडी आहे की नाही, एवढं बुकिंगच्या पानावर लिहा. माझ्यासारख्या बऱ्याच जणी येतील." त्यांनी तिथेच वही काढून ते उतरवून घेतलं, आणि पुलाची रुंदी मोजायला एकाला पाठवलंही.