रणगाडे पाहिलेल्या देशात हे मोर्चे कसे?

चेक प्रजासत्ताकात, प्रागला राहते म्हटलं की भारतातले लोक हटकून विचारतात: १९६८ साली ज्यांच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे घुसले, त्या देशात युक्रेनला मदत नको म्हणणारे मोर्चे निघतातच कसे? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

इथल्या वेन्सेस्लास चौकाच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९६८च्या गोळ्यांनी त्याच्या खांबांना पडलेली भोकं नंतर बुजवली, पण ते फिकट डाग अजून दिसतात. २०२२च्या ३ सप्टेंबरला याच चौकात पोलिसांच्या अंदाजाने ७० हजार माणसं जमली. त्यांना रशियाशी स्वस्त गॅसचा करार हवा होता, सरकार जायला हवं होतं. त्या वर्षी महागाई १५ टक्क्यांवर होती. पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाला विजेच्या बिलाने घाम फुटला होता. त्यात रशियाप्रेमी होतेच, पण सगळी गर्दी तशी नव्हती. टीव्हीवरच्या चर्चांत बोलणारे मात्र अनेकदा सगळ्यांना पुतिनच्या दावणीला बांधून मोकळे झाले. याचा मला मनापासून राग येतो, कारण ज्याला असं हिणवलं तो पुढचं ऐकायला थांबतच नाही. तो म्हाताऱ्या मंडळींत फिरणाऱ्या साखळी ई-मेलांवर विश्वास ठेवतो, आणि तिथे खोट्याचा नुसता सुळसुळाट आहे.

सरकारचंही चुकलं. युद्ध सुरू होताच त्याने अपप्रचार रोखायचं आवाहन केलं आणि .सीझेडने संपणारी इथल्या वेबसाइटची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने अपप्रचार करणाऱ्या आठ साइट बंद केल्या. त्यासाठी स्पष्ट कायदा नव्हता. तीन महिन्यांनी त्या पुन्हा सुरू झाल्या, वर 'आमची गळचेपी झाली' म्हणायला मोकळ्या.

आणि हाच देश वर्गणी काढून युक्रेनला टी-७२ रणगाडा घेऊन देतो. लाखो निर्वासितांना याच लोकांनी आसरा दिला, लोकसंख्येच्या मानाने युरोपीय संघात सर्वाधिक आसरा देणाऱ्या देशांपैकी हा एक. २०२३च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आधी पंतप्रधान राहिलेले आंद्रेय बाबिश यांनी 'मी देशाला युद्धात ओढणार नाही' अशी होर्डिंगं लावली, तरी युक्रेनच्या मदतीच्या बाजूचे माजी जनरल पेत्र पावेल ५८ टक्के मतं मिळवून जिंकले. २०२५ला संसदेत मात्र बाबिश यांचाच पक्ष पहिला आला. कडव्या उजव्या पक्षाचे नेते तोमिओ ओकामुरा नवे सभापती झाले आणि त्यांनी लगेच संसदेवरचा युक्रेनचा झेंडा उतरवला, तर विरोधी खासदारांनी तोच आपापल्या खिडक्यांतून लावला.

तेव्हा 'चेक लोक कुणाच्या बाजूने?' याला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. मी स्वतः युक्रेनच्या बाजूने आहे, आणि बिलाला घाबरलेल्या माणसाला शत्रू ठरवायला माझा ठाम विरोध आहे.