एल्डन रिंग जड जातोय? आधी जोम वाढवा

पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे नेट तुटलं की 'एल्डन रिंग' (2022) हा व्हिडिओ गेम सरळ मुख्य मेनूवर फेकतो. म्हणून गेमच्या सिस्टीम मेनूतल्या नेटवर्क सेटिंगमध्ये ऑफलाइन खेळणं निवडा. गेम आपोआप सेव्ह होत राहतो, तरी लाईट जाते तिथे यूपीएस हवाच.

आता खरी अडचण. नवे खेळाडू रून्स (शत्रू मारून मिळणारं, पातळी वाढवायचं चलन) ताकदीवर उधळतात आणि दोन फटक्यांत मरतात. आधी व्हिगर (जोम, म्हणजे जीव वाढवणारा गुण) वाढवा, पुढे 40 पर्यंत न्या. अंगावरचं वजन मर्यादेच्या 70 टक्क्यांखाली ठेवा, नाहीतर फटका चुकवायचं लोळणं जड होतं आणि फटका चुकत नाही.

मार्गिट हा सुरुवातीचा मोठा शत्रू (बॉस) मुद्दाम काठी उगारून थांबतो. काठी उचलताच लोळलात तर उठताना मार बसतो. ती खाली येऊ लागली की लोळा. तरीही जमत नसेल तर दक्षिणेच्या वीपिंग पेनिन्सुलात फिरा, स्मिथिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) गोळा करून शस्त्र +3 करा. मर्कवॉटर गुहेतल्या पॅचेस नावाच्या लुटारूला जिवंत सोडलंत तर तो 5,000 रून्सना मार्गिटची बेडी विकतो. पहिल्या टप्प्यात ती त्याला दोनदा जखडते. ही लबाडी नव्हे, गेमनेच दिलेलं हत्यार आहे, बिनदिक्कत वापरा.